पदवीधर आणि पहिलीचा वर्ग



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी एका जुन्या रौप्यमहोत्सवाचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये. १९३५ साली इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षे झाली. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ सुरू केले. नाव राजाच्या महोत्सवाचे, काम मात्र खेड्यातील प्राथमिक शिक्षक घडविण्याचे! कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या महापुरुषाने पुढे गावोगावी व्हॉलंटरी शाळा काढल्या. शाळेला जागा मिळणे त्या मानाने सोपे. पहिलीच्या मुलाला वाचावयास शिकविणारा माणूस कोठून आणावयाचा, हा प्रश्न अवघड. तो भाऊरावांनी आधी हाती घेतला.

आज गेवराईत पदवीधरांची वाण नाही. मुलगी बी.ए. अथवा बी.एस्सी. झाली आणि शिक्षिका होईन म्हणाली, की घरातील वडीलधारी मंडळी सहज सांगतात, “डी.एड. बारावीनंतरचे. तू पदवीधर, तू बी.एड. कर.” सल्ला मायेचा असतो, पण प्राथमिक शाळेपुरता तो आता चुकीचा ठरला आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. पदवीधरांना पहिली ते पाचवीसाठी पात्र मानले होते; नियुक्तीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करावा, एवढीच अट होती. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली. बी.एड. ही माध्यमिक वर्गांकडे पाहणारी पदवी आहे, लहान मुलांना शिकविण्याचे शास्त्र तिच्यात नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्या दिवसापूर्वी नियुक्त झालेल्यांना २०२४ मध्ये संरक्षण मिळाले; मागाहून येणाऱ्यांना ते नाही. ज्या घरांनी दोन वर्षांचा काळ आणि पैसा याच आशेवर वेचला, त्यांचे दुःख मोठे आहे. तरीही निकालामागील विचार नाकारता येत नाही.

एक साधे उदाहरण घ्यावे. बावन्नातून सत्तावीस वजा करताना मूल पस्तीस उत्तर लिहिते. गणिताच्या पदवीधराला ते चुकीचे दिसते आणि तो फुली मारतो. प्रशिक्षित शिक्षकाला त्या पस्तीसमध्ये मुलाचा विचार दिसतो: दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. त्याला हातचा म्हणजे काय हे उमगलेले नाही. मग फळ्यावरचे गणित बाजूला ठेवून दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधावे लागतात, एक गठ्ठा सोडून दाखवावा लागतो. हे ज्ञान पदवीच्या गणितात नसते; ते वेगळे शिकावे लागते.

आपल्या तालुक्यात त्याची गरज अधिकच. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. जी मुले हंगामी वसतिगृहात वा आजीपाशी राहत नाहीत, ती कारखान्याच्या फडावर असतात आणि पाडव्याच्या पुढेमागे परततात. तांड्यावरचे मूल घरी गोरबोली बोलते आणि शाळेत पुस्तकी मराठीला सामोरे जाते. चौथीच्या बाकावर बसलेल्या, पण जोडाक्षर न वाचणाऱ्या अशा मुलाला लाज न वाटू देता मुळापासून शिकविणे, हे मोठ्या कसबाचे काम आहे.

पदवीधराला मार्ग उरला आहे, आणि तो चांगला आहे. दोन वर्षांची डी.एल.एड. म्हणजेच पूर्वीची डी.एड.; तीत बालमानसशास्त्र, प्रारंभिक वाचन-लेखन, सराव पाठ आणि प्रत्यक्ष शाळेतील आंतरवासिता असते. पदवी आणि ही पदविका दोन्ही असतील, तर शिक्षक पात्रता परीक्षेचे दोन्ही पेपर देता येतात. पहिला पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. केवळ बी.एड. असलेल्याला दुसराच उरतो. बारावीतील मुलांसाठी चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही निघाला आहे. पात्रता परीक्षा मात्र हलक्यात घेऊ नये. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाचाहून अधिक वर्षे सेवा उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न त्याच निकालाने मोठ्या पीठाच्या विचारार्थ सोडला. जैन समाजाला २०१४ पासून राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा असल्याने समाजाच्या शाळा चालविणाऱ्यांनी तिकडे लक्ष ठेवावे.

व्यवहाराचेही बोलले पाहिजे, कारण श्रोत्यांत बहुतेक व्यापारी आहेत. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मासिक मानधन २०२३ च्या आरंभी ६,००० वरून १६,००० रुपये झाले. पेढीवर बसणाऱ्याला हा आकडा लहानच वाटेल. त्यात पदवीनंतरची आणखी दोन वर्षे, मग परीक्षा, मग भरतीची वाट पाहणे. मुलीच्या बाबतीत तर मधेच लग्नाची बोलणी सुरू होतात. म्हणून ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा विचार करताना अभियांत्रिकी-वैद्यकीयच्या यादीत डी.एल.एड. करणाऱ्या एखाद्या मुलीचेही नाव असावे, आणि लग्न ठरविताना ती दोन वर्षे पुरी होऊ द्यावीत, एवढी विनंती येथे जमलेल्या घरांना आहे.