स्लाइडच्या तळाशी राहिलेली बातमी

16 जानेवारी 2003 रोजी नासाचं कोलंबिया अंतराळयान झेपावलं. त्यात अंतराळवीर कल्पना चावला होत्या. दीड मिनिटाच्या आतच इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या धोक्याचा अंदाज स्लाइडवर मांडला. एका स्लाइडचं ठळक शीर्षक दिलासा देणारं होतं. खरी बातमी अगदी तळाशी, बारीक अक्षरात होती: आधीच्या चाचणीतला फोमचा तुकडा 3 घनइंचांचा, आदळलेला मात्र अंदाजे 1,920 घनइंचांचा. म्हणजे 640 पट मोठा! 1 फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, सातही अंतराळवीर गेले. अपघाताचं कारण ती स्लाइड नव्हती. पण चौकशी मंडळाने अहवालात तिची दखल घेतली, माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेलं तिचं विश्लेषणही दिलं.

म्हणून परिषदेसाठी स्लाइड करताना शीर्षकातच निष्कर्ष लिहा. ‘पाणीवापराची आकडेवारी’ नको, ‘ठिबकमुळे पाणी वाचलं’ असं पूर्ण वाक्य हवं. एका स्लाइडवर एकच आलेख. सविस्तर तक्ता छापून वाटावा. मराठी स्लाइडवर ओळींत अंतर जास्त ठेवाच, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. परक्या संगणकावर फॉन्ट नसला तर जोडाक्षरं विस्कटू शकतात, तेव्हा पीडीएफ प्रत जवळ असू द्या. आणि सभागृहात थोडं आधी पोचून शेवटच्या रांगेतून आपली स्लाइड वाचून पाहा.