घोषणा आणि कायद्यातली घोषणा
(जाम, जि. वर्धा येथील शेतकरी बैठकीतील भाषण)



बैठक सुरू होताना आपण घोषणा दिल्या. घोषणा सरकारही करतं, आणि कायद्याच्या पुस्तकातही घोषणा आहेत. शब्द एकच, वजन वेगवेगळं. कायद्यातली एक घोषणा तर अशी आहे की ती छापून आली त्या दिवसापासून वावर आपलं राहत नाही. म्हणून आज एवढंच बोलणार आहोत, कोणत्या घोषणेनं काय होतं.

आधी भावाचं. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला 8110 रुपये आणि संकरित ज्वारीला 3699 रुपये हमीभाव जाहीर केला. म्हणजे मंत्रिमंडळानं एक निर्णय घेतला. तो भाव प्रत्येक कास्तकाराला मिळालाच पाहिजे, असा हक्क देणारा केंद्राचा कायदा नाही. खरेदी केंद्र उघडलं, ओलावा मापात बसला, नंबर लागला, तर तो भाव. नाही तर व्यापारी देईल तो.

आता उसाकडे पाहा. उसाचा भावही सरकारच जाहीर करतं, पण 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली. म्हणून कारखान्यानं 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. कारखाने थकवतात, हे आम्हालाही माहीत आहे. पण भांडताना उसवाल्याच्या हातात कलम असतं आणि आपल्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण. तेव्हा कोणतीही घोषणा ऐकली की पहिला प्रश्न हा विचारायचा : कोणत्या कायद्याखाली?

दुसरी घोषणा जमिनीची. नागपूर-हैदराबाद रस्ता जामवरून जातो, चंद्रपूरचा फाटा इथूनच फुटतो. रस्त्याखाली जमीन जाणं म्हणजे काय, हे इथं कुणाला शिकवायला नको. पण ती कोणत्या दिवशी जाते, ते नीट समजून घ्या.

राष्ट्रीय महामार्गासाठी 1956 चा कायदा आहे. कलम 3 ए खाली पहिली अधिसूचना निघते. त्यात सरकार फक्त इरादा सांगतं. ती प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसांत लेखी हरकत घेता येते. त्यानंतर कलम 3 डी ची घोषणा राजपत्रात येते, आणि त्याच दिवशी जमीन केंद्र सरकारची होते. मोबदल्याचा रुपया हातात पडलेला नसतो, वावरात पऱ्हाटी उभी असते, पण मालकी गेलेली असते. त्या घोषणेवर कोणत्याही कोर्टात प्रश्न उपस्थित करता येणार नाही, असं कलमातच लिहिलं आहे. पुढे वाद उरतो तो मोबदल्याच्या रकमेचा, तोही लवादापुढे.

आपण जागे होतो कधी? मोजणीवाले खुणा रोवायला येतात तेव्हा. तोवर ते 21 दिवस निघून गेलेले असतात. मात्र सरकारवरही एक मुदत आहे. पहिल्या अधिसूचनेपासून एका वर्षात 3 डी ची घोषणा आली नाही, तर ती अधिसूचना रद्द होते. कोर्टाच्या मनाईचा काळ तेवढा त्यातून वजा होतो. म्हणून दोन्ही कागदांच्या तारखा लिहून ठेवा.

तिसरी घोषणा कोर्टाची. सातबारावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की, असं आपण धरून चालतो. सातबारा हे महसुलाचं दप्तर आहे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरली जाते, पण नोंदीनं मालकी जन्माला येत नाही. भाऊबंदानं हक्क नाकारला, तर मालकी जाहीर करून द्यायचं काम दिवाणी कोर्टाचं. त्यासाठी 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम 34 आहे.

इथं फसगत होते. समजा, तुमचं वावर चुलतभावाच्या ताब्यात आहे आणि तुम्ही दाव्यात एवढंच मागितलं की मला मालक जाहीर करा. ताबा मागायचा राहून गेला. कायदा सांगतो, पुढची दाद मागता येत असताना ती मागितली नाही, तर कोर्ट नुसती घोषणा देणार नाही. वर्षानुवर्षं तारखा करून हात रिकामा. म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा : ताबा मागितला का? मनाई मागितली का? आणि उशीर करू नका. नुसत्या घोषणेच्या दाव्याला, हक्काला पहिल्यांदा बाधा आली तिथून 3 वर्षांची मुदत आहे.

मायबहिणींना वेगळं सांगतो. तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली की घरातल्या पुरुषानं सांगितलं म्हणून अंगठा किंवा सही देऊ नका. आधी वाचून घ्या. हरकत असेल तर 15 दिवसांत लेखी द्या आणि पोच घ्या.

आपली घोषणा वाया जाते, असं आम्ही म्हणत नाही. सरकारला कायदा करायला लावायचा तर रस्त्यावर यावंच लागेल. पण रस्त्यावर घसा कोरडा करायचा आणि घरी आलेली नोटीस फळीवर टाकून द्यायची, हे आता पुरे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपला सातबारा, शेवटचा फेरफार आणि आलेली प्रत्येक नोटीस सोबत आणावी. एकत्र बसून तारखा वाचू.