स्वस्त माल आणि हातचे काम



गागोद्यात येऊन कपड्यावर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच. विनोबा १८९५ साली येथे जन्मले, आणि सुताच्या मजुरीवर पोट भरते का, हे त्यांनी पुढे नालवाडीला स्वतः कातून पाहिले. मी शिकलो सातवीपर्यंत. बाकीचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, मस्टर आणि पगाराच्या चिठ्ठ्या वाचताना झाले. तेव्हा अर्थशास्त्र्याची भाषा माझ्याकडे मागू नका.

विनोबांच्या जन्मानंतरच्याच वर्षी, १८९६ मध्ये, इंग्रज सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि तेवढाच कर आपल्या गिरण्यांच्या कापडावरही बसवला. मँचेस्टरच्या मालकांना वाईट वाटू नये म्हणून! तो कर १९२५ पर्यंत चालला. १२ डिसेंबर १९३० रोजी बाबू गेनू हा गिरणीकामगार विलायती कापडाच्या मालमोटारीखाली चिरडला गेला. त्या वेळी शत्रू समोर दिसत होता. आज तसा तो दिसत नाही.

आपल्याच जिल्ह्यातले न्हावाशेवा बंदर घ्या. २०११ साली भारताने बांगलादेशच्या तयार कपड्यांना जवळजवळ जकातमाफी दिली. मे २०२५ मध्ये जमिनीवरच्या नाक्यांतून हे कपडे आणण्यास मनाई झाली आणि न्हावाशेवा व कोलकाता एवढी दोनच बंदरे मोकळी राहिली. त्या शर्टाचे कापड पुष्कळदा चीनचे असते. असा शर्ट आला की नुसत्या शिंप्याचे काम जात नाही. भिवंडीचा माग, त्याच्या आधीचे सायझिंग, नंतरची रंगाई, कांडी भरणारी बाई, गाठी वाहणारा हमाल, ही सारी साखळी ढिली पडते. हिशेबात मात्र हे लोक कोठेच दिसत नाहीत, कारण त्यांतल्या बहुतेकांचे नाव मस्टरवर कधी चढलेलेच नसते.

आता कोणी म्हणेल, मग बांगलादेशाला शिव्या द्या. ते माझ्याने होणार नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले. त्यांत बायकाच जास्त. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते, तरी त्यांना कामावर चढवले. तो शर्ट स्वस्त कसा पडतो, याचे अर्धे उत्तर तेथे आहे. आणि दुसऱ्यांच्या बाजारात आपणही स्वस्त परदेशी मालच असतो! ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरची जकात पन्नास टक्क्यांवर नेली, तेव्हा तिरुपूरच्या शिलाई कामगारांच्या पोटात गोळा आलाच ना?

गिरणगावाचेही खरे सांगितले पाहिजे. या कोकणपट्टीतल्या कितीतरी घरांची चूल तिथल्या मनिऑर्डरीवर पेटत असे. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या गिरण्या परदेशी कापडाने बंद पाडल्या नाहीत. यंत्रमागावरचे स्वस्त कापड होते, जुनी यंत्रे होती, आणि खालच्या जमिनीचा भाव वरच्या धंद्याहून मोठा झाला होता.

चपलेची गोष्ट आणखी निराळी. कोल्हापुरी चप्पल म्हणजे हिरडा-बाभळीच्या सालीत कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीने शिवलेले. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये मिलानला प्राडाने तसल्याच चपला मिरवल्या, तेव्हा आपण सगळे खवळलो. खवळणे योग्यच होते. पण कारागिराचे गिऱ्हाईक प्राडा पळवत नाही. ते पळवते बाजारात कोल्हापुरी म्हणून टांगलेली रेक्झिनची चप्पल, आणि ती पुष्कळदा देशीच असते. २०२० च्या अंदाजपत्रकात पादत्राणांवरची जकात पंचवीसवरून पस्तीस टक्के झाली. त्या दहा टक्क्यांतला किती भाग वादी ओवणाऱ्या बाईच्या जोडीमागच्या दरात उतरला?

म्हणून माझी मागणी जकातीपाशी थांबत नाही. जकात हवी. पण ज्या धंद्याला तिचे कुंपण मिळेल, त्याने कामगारांची नावे मस्टरवर घ्यावीत, प्रॉव्हिडंट फंड भरावा, घरी शिवणाऱ्या बायकांचा नगाचा दर भिंतीवर लिहून लावावा. मालक म्हणतात, असे केले तर माल महाग होईल. होईल थोडा. किती होईल, ते मालकांनी हिशेबाच्या वह्या उघडून दाखवावे; कामगारांच्या बाजूने त्या वाचायला आम्ही बसू.