माघार आणि पळवाट



बॅडमिंटनच्या नियमांत दम घेण्यासाठी खेळ थांबविण्याची मुभा नाही. दुखापतीमुळे खेळाडूने माघार घेतली, की आघाडी कितीही असो, सामना प्रतिस्पर्ध्याचा. ४ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकच्या कांस्यपदकाच्या लढतीत चीनच्या वांग शिनने पहिला गेम २१-१८ असा जिंकला होता. दुसऱ्यात एका गुणानंतर गुडघ्याने साथ सोडली आणि सायना नेहवालच्या रूपाने भारताला बॅडमिंटनमधील पहिले ऑलिंपिक पदक लाभले. त्यास केवळ नशीब म्हणणारे तिची उपांत्य फेरीपर्यंतची वाटचाल विसरतात.

त्याच स्पर्धेत मुद्दाम हरू पाहणाऱ्या महिला दुहेरीच्या चार जोड्या बाद ठरविण्यात आल्या. शरीर मोडल्याने सोडणे आणि हिशेब करून सोडणे, यांत केवढे अंतर!

२०२४ साली पॅरिसच्या उपांत्य सामन्यात आघाडीवर असलेली स्पेनची कॅरोलिना मारिन गुडघा दुखावून कोसळली. पट्टा बांधून पुन्हा उभी राहिली, पण अखेर रडत बाहेर पडली. चीनची हे बिंगजियाओ अंतिम सामना हरली. रौप्यपदक स्वीकारताना तिच्या हाती स्पेनच्या ऑलिंपिक पथकाचा छोटासा बिल्ला होता.