काळा घोडा आणि आपली भिंत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कलेवर बोलणारी ही कोण, असे कोणाला वाटेल. परंतु रस्त्यावरची कला बघायला तिकीट लागत नाही, तशी पदवीही लागत नाही. म्हणून तिच्याविषयी बोलण्याचा हक्क आपणा सर्वांनाच आहे, असे मी समजते.

आपल्या मुंबईतलेच उदाहरण घेऊ. फोर्टातला काळा घोडा कोणाला ठाऊक नाही? १८७५ साली इंग्लंडचा युवराज मुंबईस आला होता. त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा करविला व १८७९ साली तो तेथे उभा राहिला. आता गंमत पाहा. स्वार पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला, पण लोकांनी त्या जागेला नाव दिले ते त्याच्या घोड्याचे! १९६५ साली पुतळा तेथून हलवून राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, पण नाव गेले नाही. पन्नासाहून अधिक वर्षे मुंबईकर त्या रिकाम्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले. अखेर २०१७ साली तेथे नवा घोडा आला. त्याची कल्पना वास्तुशिल्पी अल्फाज मिलर यांची आणि घडण शिल्पकार श्रीहरी भोसले यांची. या घोड्याच्या पाठीवर मात्र स्वार नाही. म्हणजे पुतळा कोणीही श्रीमंत उभारू शकतो, पण जागेला नाव लोकच देतात.

त्याच भागात १९९९ पासून कला महोत्सव भरतो. त्याला प्रवेश फुकट असतो, आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या पैशातून तिथल्या जुन्या वास्तूंची डागडुजी होते. आपली सहल तिकडे गेली होती, तेव्हा आपल्यातल्या कित्येक जणी प्रथमच त्या फुटपाथवर निवांत उभ्या राहिल्या. एरवी तो भाग कचेरीवाल्यांचा, आपले तिथे काय काम, अशी आपली समजूत!

दुसरे उदाहरण ससून डॉकचे. तोही अल्बर्ट ससून यांनीच १८७५ साली बांधला. २०१७ साली तिथल्या जुन्या गोदामांत कलाकारांनी चित्रे काढली, मांडण्या केल्या. त्यांतच तिथल्या कोळी बंधुभगिनींचे मोठमोठे फोटो भिंतींवर लावले होते. पहाटेपासून मासळी निवडणाऱ्या बायांचे चेहरे राजाच्या पुतळ्याएवढ्या मानाने भिंतीवर! तिथे येणाऱ्या पाहुण्यांना ही जागा कोणाची, हे वेगळे सांगावे लागले नसेल.

आता आपल्या घरचे बोलते. वाडीच्या तोंडाशी असलेली भिंत रंगविण्याचे घाटत आहे. चित्र वरूनच ठरून येणार, असे ऐकते. काही भगिनी म्हणतात, "रंग कशाला? आधी गटार दुरुस्त करा." त्यांचे म्हणणे रास्त आहे. गटाराचा अर्ज पहिला गेलाच पाहिजे. पण भिंत रंगणारच असेल, तर तिच्यावर काय असावे, हे आपणही सांगायला नको का? त्याच भिंतीपाशी मुले शाळेच्या गाडीची वाट पाहतात, भाजीवाल्या आजी टोपली उतरवतात, गणपतीत आपली रांगोळी निघते. ठराविक फुले-पाखरे कुठल्याही भिंतीवर शोभतील. या भिंतीवर या वाडीचे काहीतरी असावे.

माझी सूचना एवढीच, की मंडळाने एक ठराव करावा. रंगारी येण्यापूर्वी मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारावे, चार चित्रे काढून घ्यावीत, नि चौकात मांडून सर्वांच्या मताने एक निवडावे. निवडलेले चित्र अर्जासोबत वॉर्डाच्या कचेरीत द्यावे. आणि एकदा भिंत रंगली, की तिच्यापाशी कचरा टाकू न देण्याचे काम आपण वारीने वाटून घ्यावे. जे आपण निवडले, ते राखायला आपले हात आपोआप पुढे येतात. दुसऱ्याने आणून चिकटविलेले चित्र पहिल्या पावसात पुसले, तरी कोणाला हळहळ वाटत नाही.

ठरावाला आपण अनुमोदन द्याल, अशी आशा करते आणि आपली रजा घेते.