किल्ली कोणाच्या कमरेला?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या बेळगाव-निपाणी भागात पुष्कळ जुन्या घरांतून एक पेटी असते. तिच्यात खरेदीखते, मोडीतले कागद, जुने मराठी उतारे, लग्नाचे फोटो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यामुळे हे कागद आपण जिवापाड जपतो. आता पुण्या-बेंगळुरूतली मुले ते स्कॅन करून क्लाऊडवर ठेवतात. चांगलेच आहे, तिथे वाळवी लागत नाही. पण जुन्या पेटीची किल्ली आजीच्या कमरेला असायची. या नव्या पेटीची किल्ली कोणाकडे असते?

क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर घेतलेली जागा. तिथे आपली फाईल एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूप लावून ठेवतात. गूगल ड्राइव्हसारख्या नेहमीच्या सेवेत कुलूपही कंपनीचे आणि किल्लीही कंपनीचीच. निपाणीच्या वखारीत माल आपला, पण किल्ली वखारवाल्याकडे, तसे हे. पासवर्ड विसरला तरी ओळख पटवून खाते परत मिळू शकते, ही सोय. पण कायदेशीर आदेश आला तर कंपनी ती पेटी उघडून देऊ शकते.

दुसऱ्या प्रकारात किल्ली आपल्याच हाती राहते. व्हॉट्सॲपने 2021 मध्ये बॅकअपसाठी ही सोय दिली: स्वतःचा पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली. ॲपलने डिसेंबर 2022 मध्ये आयक्लाऊडसाठी तशीच सोय आणली. ब्रिटन सरकारने असा डेटा उघडून मागितल्याच्या बातम्या आल्या आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ॲपलने तिथे ती सोय मागे घेतली. किल्ली कोणाकडे, यावर सरकारे आणि कंपन्या भांडतात, एवढे तिचे मोल आहे.

मात्र इथेच सावध राहायचे. बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली तर खर्च भरून लॉकर फोडता येतो. हे कुलूप फोडता येत नाही. 256 बिटांच्या किल्लीचे जितके प्रकार संभवतात, ती संख्या 78 अंकी आहे. आपली किल्ली गेली की कंपनीही हात वर करते. घरातला कर्ता माणूस अचानक गेला आणि किल्ली त्यालाच ठाऊक होती, तर तीन पिढ्यांचे कागद समोर असूनही वाचता येणार नाहीत.

आम्हा सरकारी नोकरांना डिजिटल सहीचा डोंगल मिळतो, त्यात सहीची गुप्त किल्ली असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 42 प्रमाणे ती जपण्याची जबाबदारी ज्याची सही त्याचीच. घरातही हाच नियम लावावा.

मंडळासारख्या संस्थेने काय करावे? आदी शमीर या गणितज्ञाने 1979 मध्ये एक युक्ती दाखवली. किल्लीचे पाच भाग पाच जणांना द्यायचे. त्यांतले कोणतेही तीन एकत्र आले तरच कुलूप उघडते. दोघांचे संगनमत चालत नाही आणि दोघे परगावी गेले तरी काम अडत नाही. देवळाची दानपेटी पंचांसमोर उघडतात, त्यातलीच ही रीत.

घरासाठी चार गोष्टी पुरेत. आधार, बँक, मृत्युपत्र अशा खाजगी कागदांनाच स्वतःची किल्ली लावा. वंशावळ, जुने फोटो हे सर्वांचे. त्यांच्या प्रती दोन-तीन घरांत उघड्या ठेवा. किल्ली कागदावर स्वच्छ लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कधीच टाकू नका. आणि वर्षातून एकदा, गणपतीत सगळे घरी जमतात तेव्हा, ती चालते का हे उघडून पाहा.

किल्ली स्वतःकडे ठेवणे हा हक्क आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती नीट पोचवणे हे कर्तव्य आहे. मूळ कागद मात्र फेकू नका, पेटीतच राहू द्या.

गणपती बाप्पा मोरया!