मनुक्यांची वाईन

आपल्या लातूर-नांदेडकडं वाईन म्हटलं की घरात आवाज आपोआप खाली जातो. हिब्रू बायबलात मात्र दोन्ही आहे. नोहा प्रलयानंतर द्राक्षमळा लावतो, पितो अन् तंबूत उघडा पडतो. तिकडं १०४ वं स्तोत्र म्हणतं, मन आनंदी करणारा द्राक्षारस देवाचीच देणगी.

आता कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्रायल. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होतो, तेव्हा वाईनच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणायचा, त्याला किद्दुश म्हणतात. पण धर्माला चालणारी वाईन इथं कुठून आणायची? मग काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, पिळून गाळायचे. झालं सरबत! मला हा जुगाड वाटत नाही. आशीर्वादात वेलीच्या फळाचं नाव येतं, नशेचं नाही. अन् काळे मनुके तर आपल्या किराणा दुकानातही मिळतात.